पोर्शे ९११ च्या मागच्या चाकाचं बेअरिंग बदलताना

हा लेख १९७४ पासूनच्या, अॅल्युमिनियमचे ट्रेलिंग आर्म (मागचं चाक धरणारे सस्पेन्शनचे दांडे) असलेल्या जुन्या ९११ साठी आहे. डिस्क आणि ड्राइव्हशाफ्ट कसे उतरवायचे ते तुम्हाला येतं असं धरतो. मधला मोठा नट मात्र चाक जमिनीवर असतानाच, हँडब्रेक ओढून सैल करा. जॅकवरच्या गाडीशी झटापट नको.

हब, म्हणजे ज्यावर चाक बसतं तो भाग, पुलरने (ओढून काढायच्या साधनाने) ओढा. बेअरिंगच्या गोळ्या ज्या दोन कड्यांमध्ये फिरतात त्या रेस; त्यातली आतली रेस बहुतेक वेळा हबलाच चिकटून येते, तीही पुलरने काढा. जुनं बेअरिंग कितीही गुळगुळीत फिरत असलं तरी पुन्हा वापरू नका. हब निघताना सगळा जोर गोळ्यांवरून गेलेला असतो.

बाहेरची रेस बसवताना हातोडा हवाच, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. बेअरिंग पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि आर्म हीट गनने तापवा. उघडी ज्योत नको. पाण्याचा थेंब चर्र करून उडाला की पुरे. ७० मिमीचं अॅल्युमिनियमचं छिद्र ८० अंशांनी तापवलं की साधारण ०.१२ मिमीने मोठं होतं. बेअरिंग सरळ धरून सोडा, ‘टक्’ असा आवाज येतो. मग मिनिटभर दाबून धरा, नाहीतर आर्म आवळायच्या आत ते केसभर वर सरकतं.

आता खरी मेख. हब आत ओढताना मागून आधार कशाला द्यायचा? फक्त आतल्या रेसला. मी पहिल्यांदा हाताशी होता तो जाड पाइप लावला. तो टेकला होता बाहेरच्या रेसवर. हब झकास बसला, चाक हाताने लोण्यासारखं फिरलं, आणि मी खूश. आठवडाभरात साठच्या वेगाला मागून घुंऽघुं सुरू झालं. उघडून पाहिलं तर रेसवर गोळ्यांच्या अंतराने बारीक खळगे! नवं बेअरिंग मीच मारलं होतं. तेव्हापासून पाइपचं तोंड आधी जुन्या बेअरिंगवर ठेवून बघतो. ते आतल्या रेसवर पूर्ण टेकलं पाहिजे आणि बाहेरच्या रेसला कुठेही शिवता कामा नये. आटे असलेला दांडा आणि जाड वॉशर घेऊन हळूहळू ओढा. मध्येच जड गेलं तर थांबा, हब तिरका चाललाय. पाना लांब करून जबरदस्ती केलीत तर दुसरं बेअरिंग मागवायची तयारी ठेवा.

बाकी जोडणी उलट क्रमाने. चाक टेकवा, पण नट पूर्ण आवळेपर्यंत गाडी इंचभरही ढकलू नका, कारण आतल्या रेसना घट्ट धरून ठेवतो तो नटच. टॉर्कचा (नट किती जोराने आवळायचा त्याचा) आकडा तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलमधून घ्या. तो शेकड्यांत असतो, त्यामुळे छोटा टॉर्क रेंच कामाचा नाही. नट सैल होऊ नये म्हणून घालायच्या स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढेच आवळा, मागे सोडू नका. पिन नवी घाला.