फाउल बॉल येण्याआधी

न्यू जर्सीत लेकीच्या लिटल लीग (लहान मुलांच्या बेसबॉल) संघाला मी मदत करते. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना आधी जाळीमागे बसवते. पहिल्या-तिसऱ्या बेसकडच्या, म्हणजे मैदानाच्या दोन बाजूंच्या, उघड्या बाकांवर फाउल बॉल (बॅटला लागून रेषेबाहेर उडालेला चेंडू) डोळ्याचं पातं लवायच्या आत येतो. पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) हात उचलला की मोबाइल खाली, नजर बॅटवर.

मुलांबाबत मी फार कडक आहे. बॅट फक्त बॅटरच्या हातात; बारा वर्षांपर्यंतच्या गटांत पुढच्या बॅटरने बाहेर उभं राहून बॅट फिरवायला मनाईच आहे. डगआउटमध्ये (संघाच्या बसायच्या जागेत) परत शिरेपर्यंत हेल्मेट डोक्यावरच. १९२० मध्ये क्लीव्हलंडच्या व्यावसायिक संघाचा खेळाडू रे चॅपमन डोक्याला चेंडू लागून दगावला, तेव्हा हेल्मेट नव्हतंच. सरावातही कॅचरला (बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्याला) मास्क घालायला लावा.

ढग गडगडले? सगळे गाडीत. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं मैदान रिकामं.