जुन्या अँग्लिकन गीतपुस्तकाची आवृत्ती कशी ओळखावी

कोल्हापुरातल्या जुन्या ख्रिस्ती घरांत पत्र्याच्या ट्रंकेत जपलेली इंग्रजी गीतपुस्तके अजूनही निघतात. पण इथल्या पावसाळ्यात ओल आणि कसर लागून त्यांची पहिली पानेच आधी जातात आणि त्यांच्याबरोबर छपाईचे सालही जाते. पुस्तक ‘हिम्स एन्शंट अँड मॉडर्न’ (अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले गीतपुस्तक) असेल, तर सरळ शेवटच्या गीताचा क्रमांक पाहावा. तेही पान फाटले असल्यास सूचीतला सर्वांत मोठा क्रमांक शोधावा.

१८६१ च्या मूळ पुस्तकात २७३ गीते होती. १८६८ च्या परिशिष्टाने ती ३८६ झाली, १८७५ च्या सुधारित आवृत्तीत ४७३, १८८९ च्या पुरवणीनंतर ६३८ आणि १९१६ च्या दुसऱ्या पुरवणीनंतर ७७९. मधली १९०४ ची आवृत्ती मंडळ्यांना, म्हणजे चर्चमध्ये उपासनेला जमणाऱ्या लोकांना, रुचली नाही, कारण तिने तोंडपाठ झालेले क्रमांक आणि काही परिचित ओळीही बदलल्या होत्या. म्हणूनच १९१६ ची पुरवणी तिला न जोडता जुन्या पुस्तकालाच जोडली गेली.

पुरवणीत जुन्या क्रमांकांना हात लावलेला नसतो, नवी गीते पुढे जोडलेली असतात आणि तिथे सकाळ, संध्याकाळ, सणवार हा क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. संध्याकाळचे ‘अबाइड विथ मी’ २७ व्या क्रमांकावर आहे, तर ‘द डे दाऊ गेव्हेस्ट’ थेट ४७७ वर. हे ठाऊक नसताना मी आमच्या घरच्या प्रतीत दुसरे गीत २७ च्या आसपासच शोधले आणि पाने गहाळ आहेत असे समजून ती प्रत बाजूला ठेवली होती. प्रत पूर्ण होती. तेव्हा कोणतेही गीत दोन्ही भागांत पाहिल्याशिवाय प्रत अपुरी ठरवू नये.

शेवटचा क्रमांक ६३६ असल्यास मात्र घाई करू नये. ती १९५० ची नवी मांडणी असते. ६३८ शी तिची सहज गल्लत होते, पण तिच्यात ‘द डे दाऊ गेव्हेस्ट’ संध्याकाळच्या इतर गीतांबरोबरच सापडते.

पेटीवर वाजवणाऱ्यांनी चालीचे नाव आणि शेजारचे आकडे पाहावेत. ९.८.९.८ म्हणजे प्रत्येक ओळीतली उच्चारातली अक्षरे (सिलेबल), मात्रा नव्हेत. केवळ शब्दांच्या प्रतीत स्वरलेखन नसते, परंतु त्याच आवृत्तीच्या स्वरप्रतीत गीताचा क्रमांक तोच असतो. आवृत्ती निश्चित झाली की मलपृष्ठाच्या आत मऊ पेन्सिलीने साल लिहावे. शाई जुन्या कागदात फुटते.