दुसऱ्या महायुद्धात पकडलेलं जर्मन फायटर विमान शेवटी गेलं कुठे? माग असा काढा

सगळ्यात आधी रंग विसरा. शेपटीवरचं स्वस्तिक, नाकावरचा पिवळा पट्टा, बाजूला रंगवलेला आकडा, यातलं काहीच पुरावा म्हणून धरू नका. म्युझियमवाले ते नव्यानं रंगवतात. धरायचा तो कारखान्यानं दिलेला नंबर, वेर्कनुमर. विमान कोणाच्याही हाती पडो, हा बदलत नाही.

बदलतात ते पकडणाऱ्यांनी दिलेले नंबर, आणि नवखा माणूस तिथंच चकतो. मेस्सरश्मिट 109 या जर्मन फायटरांमधलं वेर्कनुमर 10639 चं विमान घ्या. नोव्हेंबर 1942 मध्ये ते लिबियात गंबूटला ऑस्ट्रेलियाच्या 3 नंबर स्क्वॉड्रनच्या हाती लागलं. त्यांनी त्यावर सीव्ही-व्ही रंगवलं, पुढे ब्रिटिशांकडे त्याचं आरएन228 झालं. दुरुस्त होऊन 1991 मध्ये ते पुन्हा उडालं, ऑक्टोबर 1997 मध्ये डक्सफर्डला उतरताना उलटलं, आणि आता ब्रिटनच्या आरएएफ म्युझियमकडे आहे. एवढा प्रवास एका पानावर मावतो. वहीत पानाच्या डोक्यावर वेर्कनुमर लिहा, खाली बाकीचे नंबर तारखेच्या क्रमानं.

युद्ध संपल्यावरच्या विमानांसाठी पकडणाऱ्यांनी दिलेल्या नंबरांच्या दोन मालिका पाठच करा. ब्रिटिशांची 'एअर मिन': कॅनबेरातलं मेस्सरश्मिट 262 हे जेट फायटर, वेर्कनुमर 500200, हे एअर मिन 81. अमेरिकनांची 'एफई', जी पुढे 'टी2' झाली. जुलै 1945 मध्ये 'रीपर' जहाजानं फ्रान्समधल्या शेरबोर्गहून सुमारे 40 विमानं अमेरिकेला नेली. त्यातली बरीच इंडियानातल्या फ्रीमन फील्ड या विमानतळावर गेली. अमेरिकेच्या स्मिथसोनियन म्युझियममधलं मेस्सरश्मिट 262, वेर्कनुमर 500491, हे एफई-111.

आता खरी मेख. मी भुसावळच्या लोको वर्कशॉपात फिटर होतो. पीओएचला, म्हणजे ठरावीक काळानं होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीला, इंजिन आलं की त्याची ट्रॅक्शन मोटर, म्हणजे चाकं फिरवणारी मोटर, काढायची आणि दुरुस्त होऊन तयार असलेली दुसरी बसवायची, हा रोजचाच रिवाज. बाहेर पडताना कॅबवरचा नंबर तोच, पण खालची मोटर कालपर्यंत भलत्याच इंजिनाखाली फिरत होती. विमानांचंही तसंच होतं. फोके-वुल्फ 190 या फायटरचा डी-13 प्रकार, नंबर 836017, याला अमेरिकेत डी-9 प्रकारच्या 601088 चे पंख लागले आणि याचे त्याला. कित्येक वर्षांनी ते लक्षात आलं. म्हणून धड, पंख, इंजिन यांची नोंद वेगवेगळी ठेवा. शेपटीवरच्या नंबरावर समाधान मानू नका.

नष्ट झालेल्यांचीही पानं ठेवा. मार्च 1945 मध्ये जर्मन वैमानिकानं फ्रँकफर्टला आणून स्वाधीन केलेलं मेस्सरश्मिट 262, नंबर 111711, पुढच्याच वर्षी ओहायोत पडलं. हे पान बंद झालेलं नसेल तर उद्या कोणी त्याच नंबराचं 'सापडलेलं' विमान दाखवेल आणि तुम्ही विश्वास ठेवाल.

वैशाखात दुपारी भुसावळात बाहेर पाऊल टाकवत नाही. ती वेळ जुने फोटो मोठे करून बघायला चांगली. शेपटीच्या उभ्या पात्यावर बारीक आकडे असतात. एक आकडा जरी पुसट असेल तर तिथं प्रश्नचिन्ह ठेवा, अंदाजानं भरू नका.

म्युझियमला मेल करताना विषयाच्या ओळीतच वेर्कनुमर टाका. "माहिती पाठवा" असं मोघम लिहू नका. एकच प्रश्न विचारा: डेटा प्लेट (कारखान्यानं नंबर कोरून लावलेली पट्टी) मूळची आहे का, आणि ती विमानाच्या कोणत्या भागावर आहे?