घरच्या पॉडकास्टला आधी आवाज, मग कॅमेरा

नवा कॅमेरा घ्यायच्या आधी साधा वायरवाला कॉलर माईक घ्या. चित्र थोडं मळकट असलं तरी लोक बघतात, पण घुमणारा आवाज दोन मिनिटंही सहन करत नाहीत. माईक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. तोंडापासूनचं अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा घुमारा मागे पडतो. फरशी आणि रिकाम्या भिंती हेच खरे शत्रू. खाली सतरंजी, कॅमेऱ्यामागे दोरीवर जाड गोधडी, एवढ्याने बराच फरक पडतो. पंखा बंदच. (मे महिन्यात हे पाळणं म्हणजे शिक्षा आहे, तेव्हा पहाटे रेकॉर्ड करा.)

आवाज दुसऱ्या फोनवर घेत असाल तर सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, एडिटिंगमध्ये चित्र आणि आवाज त्याच टाळीवर जुळवायचे.

उजेडासाठी खिडकी पुरते. तोंड तिच्याकडे, पाठ नाही. रात्री एलईडी दिव्याखाली चित्र लुकलुकत असेल तर शटर स्पीड (एका फ्रेमसाठी कॅमेरा किती वेळ उजेड घेतो ते) १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. आणि मागचा कॅमेराच वापरा, सेल्फीचा नको.