जुना ‘बेबी’ फ्रॉक घ्यायचाय? आधी उलटा करून बघा

माझी भाची चिंचवडला असते, वय १९. मागच्या महिन्यात तिचा फोटो आला: फिकट गुलाबी फ्रॉक, गळ्याशी पांढरी लेस, पाठीवर भला मोठा बो. खाली एकच ओळ, “मावशी, हा ओरिजिनल आहे का गं? १२ हजार येन म्हणतायत.” मी टोकियोत निशी-कसाईला राहते आणि माझे शनिवार जुन्या कपड्यांच्या दुकानांत जातात, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण आता तिच्या दोन मैत्रिणीही विचारायला लागल्यात.

‘बेबी’ म्हणजे ‘बेबी, द स्टार्स शाइन ब्राइट’. एवढं लांब नाव इथे कुणी घेत नाही, नुसतं बेबी. आकिनोरी आणि फुमियो इसोबे या नवराबायकोनं १९८८ साली शिबुयात सुरू केलेलं हे दुकान. नाव एका ब्रिटिश गायक जोडीच्या १९८६ च्या अल्बमवरून उचललेलं. झालरी आणि बो त्यांनी शोधून काढले असं मात्र नाही. टोकियोतल्याच हाराजुकूत ‘मिल्क’ हे दुकान १९७० पासून होतं, ‘पिंक हाउस’चे फुलाफुलांचे घेरदार झगे घालून ८० च्या दशकात बायका सर्रास फिरायच्या. पण बाकीचे फॅशनप्रमाणे वळत गेले, ‘बेबी’ मात्र फ्रॉकलाच चिकटून राहिलं. लोलिता फॅशन म्हणतात ती हीच. नावावरून कुणाच्या भुवया उंचावल्या तर सांगा, नाबोकोवच्या त्याच नावाच्या बदनाम कादंबरीशी हिचं देणंघेणं नाही. पुरुषांना खूश करायला हे कपडे कुणी घालत नाही. गुडघ्यापर्यंत घेर, बंद गळा, पायात मोजे. माझ्या आजीलासुद्धा चाललं असतं.

आता मुद्द्याचं. फ्रॉक कोणत्या काळातला हवा हे आधी ठरवा, कारण त्यावर सगळं अवलंबून आहे: कापड, माप, काय बिघडलेलं असू शकतं, सगळं.

साधारण २००४ पर्यंतचे फ्रॉक मला जास्त आवडतात. एकरंगी, नाहीतर चौकडी किंवा बारीक फुलं. जाड सुती कापड, थंडीसाठी कॉर्डरॉय किंवा सुती मखमल. सगळी श्रीमंती लेसमध्ये. त्यांच्यासोबत डोक्यावर सपाट, लेसची पट्टी हनुवटीखाली बांधायची पद्धत होती. तेव्हा हे कपडे घालणाऱ्या मुली रविवारी हाराजुकू स्टेशनजवळच्या जिंगू पुलावर जमायच्या. २००१ साली ‘गॉथिक अँड लोलिता बायबल’ नावाचं मासिकवजा पुस्तक सुरू झालं, त्यात चक्क फ्रॉकची कटिंगं छापून यायची. म्हणजे परवडत नसेल तर घरी शिवा. आमच्या आईच्या पिढीचं शिवणाचं मासिकच की!

मग आलं ‘शिमोत्सुमा मोनोगातारी’. नोबारा ताकेमोतोंची कादंबरी २००२ ची, तेत्सुया नाकाशिमांचा सिनेमा २००४ चा. इबाराकीतल्या शिमोत्सुमा नावाच्या गावची मोमोको तासन्‌तास गाडीचे धक्के खात टोकियोला येते ती केवळ बेबीच्या दुकानासाठी. सिनेमात खुद्द इसोबे हेही एक पात्र आहे आणि मोमोकोच्या हातचं भरतकाम बघून ते तिला काम देऊ करतात. खऱ्या दुकानाची अशी जाहिरात पैसे टाकून होत नाही. त्याच साली बेबीने ‘अ‍ॅलिस अँड द पायरेट्स’ ही जरा मर्दानी, चाच्यांच्या थाटाची दुसरी शाखा काढली. २००७ ला पॅरिसला दुकान, २००९ ला सॅन फ्रान्सिस्कोला. त्याच २००९ साली जपानच्या परराष्ट्र खात्याने तीन ‘कावाई दूत’ नेमले (कावाई म्हणजे गोंडस), त्यातली लोलिता फॅशनची दूत म्हणजे मिसाको आओकी. ही बाई मॉडेल आणि पेशाने नर्सही.

या काळापासून कपड्यावर चित्रं आली: खालच्या घेराला किल्ले, केक, ससे, अ‍ॅलिस, हवं ते. लेसचं काम बऱ्याच अंशी छपाईने घेतलं आणि कापडात पॉलिएस्टर वाढलं. फोटोत हे फ्रॉक खुलून दिसतात, म्हणून पहिल्यांदा घेणारी हमखास यांच्याकडे वळते. हरकत नाही, फक्त चित्रासाठी आपण जास्त पैसे मोजतोय हे लक्षात असू द्या.

काळ ओळखायची खरी जागा कपड्याच्या आत आहे. आई २०१८ ला इथे आली होती, तेव्हा तिला हाराजुकूतल्या लाफोरे या मॉलच्या तळघरातल्या दुकानांत नेलं. ३० वर्षं ब्लाउज शिवलेली बाई. तिने समोरच्या फ्रॉककडे बघितलंसुद्धा नाही, सरळ तळाची कड उचलून आतली शिवण बघायला लागली. विकणारी पोरगी, तिच्याही अंगावर तसाच फ्रॉक, आधी दचकली आणि मग हसून स्वतःच अस्तर उलटं करून दाखवायला लागली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण दहा मिनिटं लेसवर गप्पा चालल्या होत्या.

तर अस्तराच्या बाजूच्या शिवणीत धुण्याच्या सूचनांची पट्टी असते, तिचा जवळून फोटो मागा. १ डिसेंबर २०१६ ला जपानने ही चिन्हं बदलली. जुन्या पट्टीवर इस्त्रीच्या चित्राच्या पोटात एक कांजी (चिनी वळणाचं) अक्षर असतं आणि ड्रायक्लीनच्या गोलात जपानी अक्षरांत ‘दोराई’ लिहिलेलं. नव्या पट्टीवर इस्त्रीत टिंबं आणि गोलात पी किंवा एफ. विकणारा “२००५ चा दुर्मिळ” म्हणत असेल आणि इस्त्रीत टिंबं दिसली, तर नमस्कार करून पुढे चला. त्याच पट्टीवर कंपनीचं नाव आणि पत्ता किंवा फोन नंबर असतो, तो इथे कायद्याने लागतो. नकली मालात बहुतेक वेळा तिथेच गोंधळ सापडतो. हौशी लोकांसाठी आणखी एक गंमत: टोकियोचे फोन नंबर १ जानेवारी १९९१ पासून ०३ च्या पुढे आठ आकडी झाले. सात आकड्यांची पट्टी मिळाली तर तुमच्या हातात बेबीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतला फ्रॉक आहे. मला अजून मिळालेला नाही. रोज बघते.

ऑनलाइन वर्णनात चार-पाच शब्द ओळखता आले तरी काम भागतं. किबामी म्हणजे पिवळेपणा, शिमी म्हणजे डाग, होत्सुरे म्हणजे उसवलेलं. मिशियो म्हणजे न वापरलेलं, पण न वापरलेलाही १५ वर्षं कपाटात पडून पिवळा होतोच. सगळ्यात महत्त्वाचा शब्द हिराओकी: कपडा जमिनीवर पसरून, एका बाजूने घेतलेलं माप. छातीला ४१ सेंटिमीटर लिहिलं असेल तर पूर्ण घेर ८२.

इथेच मी तोंडघशी पडले. माझ्या पहिल्या फ्रॉकला ४६ लिहिलं होतं, माझी छाती ९०, म्हणजे आरामात बसेल असा हिशेब. तो निघाला ४१ चा. विकणाऱ्याने पाठीचं इलॅस्टिक ताणून माप घेतलं होतं आणि तसं लिहिलं नव्हतं. म्हटलं, बाजूची शिवण उसवून वाढवू. आईला व्हिडिओवर दाखवलं. आत शिवणीपलीकडे सोडलेलं जास्तीचं कापड, म्हणजे माया, जेमतेम एक सेंटिमीटर. आई म्हणाली, “एवढीशी माया? मग बाई जरा भरली की तिनं काय करायचं?” आपल्या ब्लाउजांना दोन-दोन टिपा जास्तीच्या असतात, इथे तसं काही नाही. म्हणून पाठीला इलॅस्टिक आहे का, आणि दिलेलं माप ताणून आहे की न ताणता, हे दोन प्रश्न पैसे भरण्याआधी विचारा.

हे पाठीचं इलॅस्टिक म्हणजे जुन्या फ्रॉकचं सगळ्यात मोठं दुखणं. दुकानात असाल तर हळूच ताणून कान द्या. बारीक कर्र आवाज आला आणि सोडल्यावर कापड तसंच पसरून राहिलं की आतलं रबर मेलं. पण तेवढ्यासाठी चांगला फ्रॉक सोडू नका, कारण हे घरी दुरुस्त होतं आणि या एका दोषापायी किंमत बरीच उतरते. जुन्या टिपा उसवायच्या. इलॅस्टिकचा दोरा बॉबिनवर हाताने गुंडाळायचा, मशीनवर नाही, नाहीतर तो आधीच ताणला जातो. वरचा दोरा साधा. लांब टाका ठेवून, कापड सपाट ताणून धरत, जुन्या टिपांच्याच खुणांवरून टीप मारत जायचं. पहिल्या दोन ओळींना वाटतं काहीच चुण्या पडत नाहीत. पाचव्या-सहाव्या ओळीपासून कापड गोळा व्हायला लागतं. शेवटी वरून इस्त्रीची नुसती वाफ द्यायची, इस्त्री टेकवायची नाही. माझा ४१ चा फ्रॉक मात्र असा वाचला नाही. त्याला मधे चार इंचांची नवी पट्टी घालावी लागली, तीही दुसऱ्या रंगाची.

पिवळ्या लेसला क्लोरीनचं ब्लीच अजिबात लावू नका, नायलॉनची लेस त्याने आणखी पिवळी होते. ऑक्सिजन ब्लीचची पावडर, कोमट पाणी, तासभर. गडद रंगाच्या मखमलीवर पांढरी लेस असेल तर आधी आतल्या शिवणीला ओला पांढरा कपडा दाबून रंग जातो का बघा. जात असेल तर पिवळी लेस गोड मानून घ्या.

कोपऱ्यावरच्या दुकानात काय मिळेल हा नशिबाचा भाग. निशी-कसाईहून तोझाई लाइनने ओतेमाची, तिथून चियोदा लाइनने मेइजी-जिंगूमाए, एवढा माझा शनिवार. ‘क्लोझेट चाइल्ड’सारख्या लोलिताच्याच जुन्या कपड्यांच्या दुकानात दोष चिठ्ठीवर लिहून ठेवतात, अगदी एक बटण सैल असलं तरी. मेरकारी या जुन्या वस्तूंच्या जपानी अ‍ॅपवर घासाघीस चालते, पण भारतात पाठवायला मधे एजंट लागतो आणि टपाल-कस्टम धरून स्वस्त फ्रॉकही महाग पडतो. ओळखीचं कुणी येणार असेल तर बॅगेत आणवा.

आणि कॅनकॅन (घेर फुगवणारा जाळीचा आतला परकर) घेतल्याशिवाय फ्रॉक घालून बघूच नका, चिमलेला दिसेल आणि उगाच मन खट्टू होईल. इथे त्याला पनिए म्हणतात आणि ते महाग आहे. लेहंग्याखालचं कॅनकॅन मंगलदास मार्केटमध्ये मिळतं, तेच कापून घ्यायचं. फ्रॉकचा कमरेखालचा भाग ५५ सेंटिमीटर असेल तर जाळी ४५ ठेवा, आणि तळाला मऊ कापडाची पट्टी लावा, नाहीतर मोजे फाटतात.

भाचीच्या फ्रॉकचं विचाराल तर पट्टीचा फोटो आला, इस्त्रीत कांजी अक्षर आहे, पत्ता बरोबर आहे, छाती न ताणता ४२. पाठीचं इलॅस्टिक गेलंय. मी विकणाऱ्याला साडेनऊ हजार म्हटले, तो दहावर अडलाय.