हेडलाइटचा बल्ब बदलण्याआधी या चुका टाळा

रात्री दुचाकीवरून रस्ता दिसेना झाला की पहिला हात बल्बवर पडतो. बल्ब बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो.

व्होल्टेज न मोजता बल्ब आणणे

एका गाडीचं उदाहरण घ्या. एच-४ (बल्बच्या बैठकीचा एक प्रकार) हॅलोजन, ६०/५५ वॉट, म्हणजे अप्पर (लांबचा झोत) ६० आणि डिपर (खालचा झोत) ५५. मालकाने तीन बल्ब बदलले, प्रत्येक आधीच्यापेक्षा महाग, आणि उजेड तसाच पिवळट. इंजिन चालू ठेवून मीटर लावला तर बॅटरीवर १३.९ व्होल्ट, बल्बच्या पिनांवर १२.१. मधले १.८ व्होल्ट दोन ठिकाणी मुरत होते: हँडलवरच्या डिपर स्विचच्या काळ्या पडलेल्या पॉइंटमध्ये आणि रंगावरच कसलेल्या अर्थच्या (मायनसची वायर सांगाड्याला जोडणाऱ्या) स्क्रूखाली. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. म्हणजे व्होल्टेज १३ टक्के कमी झालं की उजेड जवळपास ३८ टक्के घटतो. चौथा बल्ब आणला असता तरी तोही तेवढाच मिणमिणला असता.

मोजताना बल्ब जोडलेला आणि पेटलेला हवा. होल्डर काढून मोजलं तर १३.९ च दिसणार, कारण करंटच वाहत नाही. मग ‘वायरिंग ओके आहे’ असा निकाल लागतो आणि लोक दुकानाकडे धावतात. बॅटरीचा प्लस ते बल्बचा प्लस आणि बॅटरीचा मायनस ते बल्बचा मायनस वेगवेगळं तपासा, चोर कुठल्या बाजूला आहे ते लगेच कळतं. एकूण घट अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर आधी अर्थखालचा रंग खरवडा, स्विचचे पॉइंट साफ करा. तरी भागलं नाही तर रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावा: अप्पर आणि डिपरला एकेक, २.५ चौरस मिमीची वायर, बॅटरीला लागूनच १५ अँपिअरचा फ्यूज, अर्थ थेट बॅटरीच्या मायनसला. जुन्या वायरीने फक्त रिलेची कॉइल चालवायची.

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये कुठलाही एलईडी

रिफ्लेक्टरचा (बल्बमागच्या चकचकीत वाटीचा) आकार फिलामेंटच्या, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेच्या, जागेवरून ठरलेला असतो. एलईडीच्या चिप एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे असल्या किंवा दांडी जाड असली, की डिपरची कटऑफ रेषा (उजेडाची वरची कड) विस्कटते. उजेड झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. स्वतःला मात्र वाटतं, काय झकास उजेड आहे! पुढच्या चाकापाशी पडलेला पांढराफेक डाग बघून नवखे खूश होतात. त्या डागाने बाहुली आकसते आणि लांबचा खड्डा उलट कमी दिसतो.

बसवायचाच असेल तर चिप घड्याळातल्या तीन आणि नऊच्या दिशेला येतील असं फिरवा, भिंतीवर कटऑफ बघा. नीट येत नसेल तर बल्ब परत करा, ‘चालतंय’ म्हणू नका. मागचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा भाग) मावत नाही म्हणून रबरी टोपी कापली तर पहिल्याच पावसात आत पाणी जातं आणि रिफ्लेक्टरची चकाकी उतरते. खोक्यावरच्या ‘२०,००० ल्युमेन’वर (ल्युमेन हे उजेडाचं माप) विश्वास ठेवू नका. ३६ वॉटच्या बल्बातून साडेतीन-चार हजार निघाले तरी पुष्कळ, आणि तापल्यावर त्याहून कमी. एलईडीच हवा तर त्याच्यासाठीच बनवलेलं अख्खं युनिट घ्या. महाग पडतं, पण खरा पर्याय तोच.

काही लहान गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर नाही, तर स्टेटरच्या (इंजिनातल्या वीज बनवणाऱ्या गुंडाळीच्या) एसीवर चालतो. तिथे साधा डीसीचा एलईडी फडफडतो. आधी लाइन डीसी करावी लागते.

१००/९० वॉटचा शॉर्टकट

साध्या होल्डरमध्ये आठ अँपिअरच्या वर करंट. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर करपतो. नकोच.

एचएस-१ च्या जागी एच-४

एचएस-१ हा लहान दुचाकींचा बल्ब. बैठक वेगळी असते म्हणून लोक एच-४ चे कान कापून बसवतात. पण एचएस-१ फक्त ३५/३५ वॉटचा. वायर आणि स्टेटर त्याच हिशोबाचे असतात.

एचआयडी किट

एचआयडी म्हणजे फिलामेंटऐवजी वायूतल्या ठिणगीवर चालणारा झेनॉन बल्ब. पूर्ण पेटायला काही सेकंद लागतात, हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडीसारखाच समोरच्याला दिपवतो. अप्परसाठी तर निरुपयोगी.

निळसर उजेड

६,००० केल्विनच्या (प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा जास्त तितका निळसर) पुढचा प्रकाश पावसात आणि धुक्यात डोळ्यांवर येतो. ४,३०० च्या आसपास डोळा निवांत राहतो. पिवळा ‘धुकं कापतो’ ही मात्र दंतकथा. धुक्यात कामाला येतो तो खाली बसवलेला, रुंद आणि चपटा झोत.

फोकस गाडी स्टँडवर लावून सेट करणे

ही सगळ्यात फुकटची दुरुस्ती, म्हणूनच कुणी करत नाही. टायरची हवा बरोबर करा, गाडी सरळ उभी करून स्वतः वर बसा, भिंत ५ मीटरवर. डिपरची कटऑफ हेडलाइटच्या मध्यापेक्षा ५ ते ७ सेंटीमीटर खाली पडायला हवी. मागे कुणी बसलं किंवा सामान लादलं की मागचा भाग दबून झोत वर जातो, म्हणून मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) वाढवून पुन्हा बघा.

फोकस पक्का केल्यावरही डिपरवर ताशी ८० किमीचा वेग जपून. दीड सेकंद प्रतिक्रियेला आणि मग कोरड्या रस्त्यावर ब्रेक, असे ७५ मीटर सहज जातात, तर डिपरचा उपयोगी उजेड बऱ्याचदा त्याच्या आतच संपतो.