'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स' खेळताय? मग या चुका टाळा

आजारी वडिलांना वाचवायला जीवनवृक्षाचं पाणी हवं आणि ते आणायला दोन भाऊ घराबाहेर पडतात. 'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स'ची गोष्ट एवढीच. स्वीडनच्या स्टारब्रीझ स्टुडिओने 2013 साली हा व्हिडिओ गेम काढला. दिग्दर्शक जोसेफ फारेस हा त्याआधी सिनेमे करणारा माणूस. गेम तीन-चार तासांत संपतो आणि कोडीही फार अवघड नाहीत. तरीही बरेच जण पहिल्या अर्ध्या तासातच कंटाळून बंद करतात आणि 'कंट्रोल विचित्र आहेत' म्हणून सोडून देतात. त्यांचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ज्याला ते अडचण म्हणतात त्यातच या गेमचा जीव आहे.

कंट्रोलरवर अंगठ्याने फिरवायच्या दोन छोट्या दांड्या, म्हणजे स्टिक असतात. डावी स्टिक थोरल्या भावाची, उजवी धाकट्याची. मागच्या बाजूला बोटाने दाबायची बटणं म्हणजे ट्रिगर; डावा ट्रिगर थोरल्याचा, उजवा धाकट्याचा. ओढणं, धरणं, चढणं, कुणाशी बोलणं, सगळं त्या त्या भावाच्या एकाच ट्रिगरवर. ट्रिगरच्या वरची दोन बटणं कॅमेरा फिरवतात. शिकायचं म्हणून एवढंच. पण दोन माणसं एकाच वेळी दोन हातांनी चालवायची, हे मेंदूला पटकन झेपत नाही. नव्याने तबल्याला बसलेल्याचा डग्ग्यावरचा हात जसा उजव्याच्या मागे ओढला जातो, तसंच इथे होतं.

भावांच्या बाजू बदलू देणं

सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. थोरला चालता चालता स्क्रीनच्या उजवीकडे जातो, धाकटा डावीकडे येतो आणि त्या क्षणी डोळे एक सांगतात, हात भलतंच करतात. एक भाऊ भिंतीला धडका मारत बसतो, दुसरा कड्याच्या टोकाला जातो. उपाय साधा आहे, पण शिस्तीने पाळावा लागतो: थोरला कायम स्क्रीनच्या डाव्या अंगाला ठेवा. अरुंद पूल किंवा बोळ ओलांडून मोकळ्या जागी आलात की दोन क्षण थांबा, भाऊ आपापल्या बाजूला आणा, मग पुढे निघा. रस्ता वळून आपल्याच दिशेने यायला लागला तर भावांना हलवत बसू नका, कॅमेरा फिरवा; बाजू आपोआप जुळतात.

नजर कुठे ठेवायची हेही महत्त्वाचं. एकाकडेच बघत राहिलात की दुसरा हरवतो. दोघांच्या मधल्या जागेकडे बघा. वडिलांना हातगाडीवर घालून वैद्याकडे नेण्याचा सुरुवातीचा प्रसंग याच सरावासाठी आहे. तो घाईने उरकू नका. मागे कुणी लागलेलं नसतं, दोघांना गाडीच्या दांड्यांशी सावकाश उभं करा आणि दोन्ही अंगठे सारखे पुढे सरकतायत ना ते बघा.

ट्रिगर एकदा दाबला की काम झालं असं समजणं

इतर गेममध्ये बटण दाबलं की पात्र कडा पकडून लटकतं. इथे पकड हवी असेल तोवर ट्रिगर दाबून धरायचा. बोट उचललं की हात सुटला.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते दोघे एका दोराने बांधून उंचावर चढतात तिथे. एक भाऊ कड्याला घट्ट धरून असतो, दुसरा हात सोडून झोका घेतो आणि पुढची पकड गाठतो. मग पहिल्याने सोडायचं. इथे घाबरून दोन्ही बोटं एकदम उचलली जातात आणि दोघेही खाली जातात. मला विचाराल तर तोंडाने म्हणत खेळा: 'डावा धर, उजवा सोड. उजवा धर, डावा सोड.' पकड मिळाली हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दुसरं बोट उचलायचं नाही.

पाण्यातही तेच. आई बुडून गेल्यापासून धाकटा पाण्याला घाबरतो, त्यामुळे उजव्या स्टिकने त्याला पाण्यात ढकलत बसण्यात अर्थ नाही. थोरला पाण्यात उतरला की धाकट्याला त्याच्या पाठीला बिलगवायचं, उजवं बोट दाबलेलंच ठेवायचं आणि डाव्या स्टिकने पोहायचं.

कोडं अडलं की कोपरे धुंडाळणं

साहसी गेम खेळायची सवय असलेले लोक इथे किल्ल्या, चिठ्ठ्या, लपलेली शस्त्रं शोधत फिरतात. या गेममध्ये सामान ठेवायला पिशवीच नाही. जे लागतं ते बहुतेक वेळा समोरच असतं. प्रश्न दोनच विचारायचे: इथे ताकद कुठे लागतेय आणि बारीक अंग कुठे शिरेल? जड दांडा ओढणं थोरल्याचं काम, गजांच्या फटीतून पलीकडे जाणं धाकट्याचं. उंच भिंत असेल तर थोरला धाकट्याला वर चढवतो आणि धाकटा वरून वाट मोकळी करतो.

शेतातल्या कुत्र्यापाशी बरेच जण वेगाने पळून सुटायला बघतात. ते जमत नाही. गवताच्या गंजीवर चढलेल्या भावाला कुत्रा काही करू शकत नाही. तो वरून कुत्र्याचं लक्ष आपल्याकडे वेधून ठेवतो आणि तेवढ्यात दुसरा पुढची गंजी गाठतो. मग काम उलट. पुढचे कितीतरी प्रसंग याच साच्याचे आहेत: एक अडकवून ठेवतो, दुसरा सरकतो. ही जागा नीट समजली की राक्षसांशी गाठ पडते तिथेही गोंधळ होत नाही.

नुसतं पुढे पळणं

वाटेत माणसं भेटतात, विहीर लागते, प्राणी दिसतात, दूरचं दृश्य बघायला बाकं असतात. प्रत्येक ठिकाणी दोन्ही भावांना वेगवेगळं पुढे न्या. थोरला रीतीने वागतो, धाकटा खोड्या काढतो. विहिरीपाशी नेलंत तर तो सरळ आत थुंकतो. दोघांचे स्वभाव गेम असेच सांगतो, संवादातून नाही. गेममधल्या ट्रॉफ्याही (ठरावीक गोष्टी केल्याबद्दल मिळणारी बक्षिसं) गोष्ट पुढे गेली म्हणून मिळत नाहीत, अशा बाजूच्या गोष्टी केल्या तरच मिळतात. कासवाच्या पिल्लांचा प्रसंग तर चुकवूच नका.

सेटिंगमध्ये सबटायटल शोधणारेही भेटतात. पात्रं बोलतात ती भाषाच बनवलेली आहे. फारेसचा जन्म बैरूतचा आणि या भाषेला लेबनॉनच्या अरबीचा आधार आहे. शब्द कळावेत अशी अपेक्षाच नाही. हावभाव बघा, आवाजाचा चढउतार ऐका, पुरतं.

पहिल्याच वेळी दोघांनी मिळून खेळणं

ही चूक प्रेमापोटी होते. गेम भावांचा आहे, घरात भाऊ-बहीण आहेत, मग एकेक स्टिक वाटून घेऊ! 2019 च्या निन्टेंडो स्विचवरच्या आवृत्तीत आणि 2024 च्या रीमेकमध्ये, म्हणजे नव्याने बनवलेल्या गेममध्ये, तशी सोयही आहे. तरी माझा आग्रह आहे, पहिल्यांदा एकट्याने खेळा. डावा हात म्हणजे थोरला, उजवा म्हणजे धाकटा हे तुमच्या बोटांत तीन तास मुरत जातं आणि शेवटाकडे गेम नेमका त्या बोटांशी बोलतो. ते काय हे इथे सांगणार नाही. पण एक हात दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर त्या प्रसंगातलं निम्मं हरवतं. याच कारणासाठी अडलात तरी संपूर्ण गेमचे व्हिडिओ उघडू नका. फार तर त्या जागेपुरता शोध घ्या.

लहान मुलांसोबत बसणार असाल तर आधी स्वतः संपवा. चित्रं परीकथेची असली तरी पुढे मेलेल्या महाकाय राक्षसांचं रक्ताळलेलं रणांगण आहे, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस आहे. मोठ्यांनाही ते जड जातं.

कंट्रोलर आणि आवृत्ती

एखादा भाऊ आपोआप चालायला लागला तर दोष बहुधा गेमचा नसून स्टिकचा असतो. झिजलेली स्टिक इतर गेममध्ये नुसता कॅमेरा हलवते, इथे ती माणूस हलवते, म्हणून लगेच जाणवतं. स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटरवरचे गेम विकणाऱ्या ॲपवर खेळत असाल तर कंट्रोलर सेटिंगमध्ये जाऊन डेडझोन (स्टिक जेवढी हलली तरी गेम दुर्लक्ष करतो ती हद्द) थोडा वाढवा. एक स्टिक दोघांनाही हलवत असेल तर त्याच सेटिंगमध्ये स्टीम इनपुट (कंट्रोलरची बटणं स्टीमकडून हाताळली जाण्याची सोय) या गेमपुरतं बंद करून पाहा, दुसरा कंट्रोलर जोडलेला असेल तर काढा. कीबोर्डवर मात्र जीव काढू नका. एकाच वेळी चार-पाच बटणं दाबली की स्वस्त कीबोर्ड त्यातल्या एक-दोन गाळतो आणि दोष आपण स्वतःला देतो. साधा, दोन स्टिकवाला कंट्रोलर पुरेसा आहे.

विकत घेताना नाव नीट वाचा, कारण दोन वेगळे गेम विक्रीला आहेत. 2013 चा अनरिअल इंजिन 3 (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) वरचा, जुन्या लॅपटॉपवरही चालण्याची शक्यता जास्त. अवांतगार्डन स्टुडिओने केलेला 2024 चा रीमेक अनरिअल इंजिन 5 वरचा. त्याला बरं ग्राफिक्स कार्ड लागतं. स्टिक आणि ट्रिगरची वाटणी दोन्हींत तीच आहे, त्यामुळे वरचं सगळं दोन्हींना लागू पडतं.